मी इंटरनेट तोडलं त्या दिवशी

आमच्या भागातलं इंटरनेट मी तोडलं, तेही पहारीच्या एका घावात. लोक अजून म्हणतात साळींदरानं कुरतडलं, रानडुकरानं उकरलं. मुक्या जनावरांवर कशाला आळ घ्यायचा? मीच ती. आणि तोडलं त्याच सकाळी आमच्या ह्यांचा जीव त्या तुटलेल्या तारेवर येऊन अडकला, म्हणून इंटरनेट म्हणजे काय चीज आहे ते मला कळलं. नाहीतर माझ्यासारखीला कशाला कळायला जातंय!

आमचं घर कानडी मुलखात, गुंद आणि नंदिगड्डे ह्या गावांच्या मधल्या रानात. माहेर खानापुराकडचं. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि लग्न होऊन ह्या जंगलात आले तेव्हा आईला म्हटलं होतं, कुठं फेकलंस मला? त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. भात करतो, थोडी सुपारी आहे, परसात कंद लावतो. मुलगी गोव्याला दिलीय. घरात आम्ही दोघंच आणि हाकेच्या अंतरावर माझी थोरली जाऊ. फोन आला तसा इंटरनेटही आलं. मला वाटायचं ते फोनच्या आतच राहतं, बॅटरीच्या शेजारी कुठंतरी. दांडे दिसले की आहे, दांडे गेले की नाही. एवढंच माझं ज्ञान.

आता कोनाचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं. शहरात ज्याला कोनफळ म्हणतात त्याला आम्ही नुसतं कोन म्हणतो. वेल झाडावर चढते आणि कंद मातीत खाली खाली जातो. पण आमची जमीन जांभ्याची, दोन हात खाली गेलं की कातळ लागतो. म्हणून आम्ही उन्हाळ्यात कंबरभर खड्डे मारतो, त्यात पालापाचोळा आणि मऊ माती भरतो आणि मग कोनाचं मुंडकं, म्हणजे कंदाचा कोंबाकडचा तुकडा, लावतो. जेवढी माती मऊ तेवढा कोन लांब. माझ्या जाऊबाईचा कोन दरवर्षी माझ्यापेक्षा हातभर लांब निघायचा. ती तो खांद्यावर घेऊन मुद्दाम माझ्या अंगणातनं जायची. तिला दुसरी वाट नव्हती असं नाही.

दोन वर्षांमागं पंचायतीला आणि आमच्या मोबाइल टॉवरला इंटरनेट द्यायचं म्हणून रस्त्याच्या कडेनं जेसीबीनं चर मारला. आमच्या कुंपणाला लागूनच गेला. माणसांनी त्यात नारिंगी पाइप टाकला, पाइपात काळी तार घातली, माती लोटली आणि निघून गेले. जाताना पिवळे दगड रोवून गेले. खाली तार आहे, खणू नका, असं काहीतरी त्यावर लिहिलेलं. सगळ्या गावानं तार बघितली. मी माती बघितली. काय ती माती! भुसभुशीत, कातळ फोडून आयता केलेला खड्डा, आणि तोही नजर पोचेल तिथवर. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या चरात कोनाची बारा मुंडकी लावली. वेलीला आधाराची काठी हवी होती, ती त्यांच्याच पिवळ्या दगडाला बांधली.

फॉरेस्ट गार्ड एकदा मोटरसायकल थांबवून म्हणाला, "मावशी, ही जागा फॉरेस्टची. खाली केबल हाय. कुणाला विचारून लावलंस?" मला आधीच ह्या लोकांचा राग. ह्यांच्या रानात आमची गुरं गेलेली चालत नाहीत, आमच्या शेतात ह्यांची डुकरं आलेली चालतात. मी म्हटलं, "तुमची तार खाली, माझा कोन वर. ती दोघं काय ते बघून घेतील, तू जा." तो कन्नडमधून काहीतरी पुटपुटला आणि गेला. मीही मराठीतून पुटपुटले.

बारांतले अकरा कोन पौषात काढले. चांगले निघाले, पण जाऊबाईच्या वरताण एकही नव्हता. बारावा मी मुद्दाम ठेवला. अजून वाढू दे म्हटलं. माघात उळवीच्या जत्रेहून माणसं परतायला लागली, रस्त्यानं बैलगाड्या, जीपा, ट्रॅक्टर जाऊ लागले, तेव्हा एका सकाळी तो काढायला घेतला. मी पहार मारायची आणि हे खोऱ्यानं माती ओढायचे. छातीइतका खड्डा झाला तरी कोनाचं टोक सापडेना. मी नुसती फुलले होते. शेवटी दिसलं. तो कोन त्या नारिंगी पाइपाला मिठी मारून वाढला होता, अर्धा अलीकडं आणि अर्धा पलीकडं. तो सुटावा म्हणून मी दातओठ खाऊन पहार घातली आणि कट्ट असा आवाज झाला.

पाइप फुटला. आतली काळी तार तुटली. तिच्या तोंडातनं केसाएवढ्या बारीक काचेच्या काड्या बाहेर आल्या, आणि उन्हात त्या चमकत होत्या. ते काय आहे हे मला ठाऊक होतं. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही.

"काय तुटलं गं?" ह्यांनी वरनं विचारलं.

"मूळ हाय," मी म्हटलं आणि पायानं माती लोटली.

मग कोन ओढून काढायला हे खड्ड्यात उतरले. दोन्ही हातांनी धरून ओढला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ओढायच्या ऐवजी खालीच बसले. माघातली सकाळ, थंडी अजून गेली नव्हती, आणि ह्यांच्या कपाळावरनं घाम ओघळत होता. "छातीवर कोन तरी बसल्यागत वाटतंय," एवढंच म्हणाले. मी किंचाळले. जाऊबाई धावत आली. शेजारचा पिकअप होता, त्यात ह्यांना आडवं घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. जाऊबाई अनवाणीच गाडीत चढली होती, हे तिच्या दवाखान्यात लक्षात आलं.

आमच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान, बोलायला कन्नड, पण कामाला चलाख. सिस्टर आमच्या खानापूरकडची. त्यांनी ह्यांच्या छातीला वायरी लावल्या आणि मशीनमधनं रेघांचा कागद बाहेर काढला. डॉक्टरिणीनं तो बघितला आणि तिचा चेहरा बदलला. ह्यांना एक गोळी चावायला लावली. मग सिस्टरनं मला समजावलं. हृदयाच्या नळीत गाठ अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन इथं फ्रीजमध्ये आहे. जितकं लवकर दिलं तितकं बरं. पण ह्यांना दोन वर्षांमागं पोटातल्या जखमेनं रक्ताची उलटी झाली होती. अशा माणसाला हे इंजेक्शन दिलं आणि आत रक्त सुटलं तर ते थांबवायला इथं काही नाही. मोठा दवाखाना घाटातून अडीच तासांवर. द्यायचं का नाही, हे हुबळीचा हृदयाचा डॉक्टर कागद बघून सांगतो. नेहमी पाच मिनिटांत सांगतो. फोटो पाठवायचा, बस्स.

सिस्टरनं फोटो काढला आणि पाठवला. फोनवर दांडे सगळे उभे, पण फोटोवर नुसतं चक्र फिरत राहिलं. फोन लावला तर तोही लागेना.

"येईल आत्ता," सिस्टर म्हणाली. "सकाळपासनं असंच चाललंय. येतंय-जातंय."

आणि सगळे थांबले. कुणी घाबरलं नाही, कारण आमच्याकडं ते रोजच येतं-जातं. डॉक्टरीण घड्याळ बघायची, सिस्टर फोन खिडकीपाशी न्यायची, परत आणायची. दारात कोण उभा म्हणाल तर तोच फॉरेस्ट गार्ड. जत्रेच्या गाड्यांसाठी त्याची ड्यूटी दवाखान्यासमोरच लागली होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. हे डोळे मिटून पडले होते आणि ओठ पांढरे पडत चालले होते. त्या सगळ्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं की ते येणार नाही. आत्ता नाही, दुपारी नाही, संध्याकाळीसुद्धा नाही.

खरं सांगते, तरी माझं तोंड उघडत नव्हतं. जाऊबाई शेजारी, गार्ड समोर. केस होईल, पोलीस येतील, गावभर बोभाटा होईल, हे सगळं मनात येऊन गेलं. नवरा समोर मरतोय आणि माझ्या मनात बोभाटा! स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

"येणार न्हाई ते," मी म्हटलं.

सिस्टरनं वर बघितलं.

"तुटलंय. मी तोडलंय, पहारीनं. तारेचे दोन तुकडे झाल्यात. वाट बघू नका, न्हाई येणार!" शेवटचं मी ओरडलेच.

गार्ड आता माझा गळा धरेल असं वाटलं. पण डॉक्टरीण खुर्चीवरनं उठली आणि सिस्टरला कन्नडमध्ये म्हणाली, "मग आपण कशासाठी थांबलोय?"

त्या एका वाक्यानं खोलीत वारं भरलं. सिस्टरनं कागदाच्या कडेला लिहिलं: वय किती, दुखणं किती वाजता सुरू झालं, आधी रक्ताची उलटी झालेली, इंजेक्शन द्यायचं का. खाली हुबळीच्या डॉक्टरचा नंबर, दवाखान्याचा नंबर आणि माझाही. परत फोटो काढला. नेट नसलं तरी शेजारी शेजारी धरलेल्या दोन फोनमधनं फोटो जातो म्हणे, हे मला त्या दिवशी कळलं. समोर बस उभी होती, तिच्या कंडक्टरच्या फोनमध्ये एक फोटो घातला. उळवीहून परतणारी एक जीप पाणी प्यायला थांबली होती, त्यांना एक दिला. आणि तिसरा जाऊबाईच्या फोनमध्ये. दवाखान्यामागच्या टेकडीवर, अगदी माथ्याला, पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरची रेंज लागते. जाऊबाईचे गुडघे दुखतात, जिना चढताना ती माझ्या नावानं बोटं मोडते. "आण हिकडं," म्हणाली आणि तशीच अनवाणी टेकडी चढायला लागली.

"तीन-तीन कशाला?" मी सिस्टरवरच खेकसले. माझी मती फिरली होती. "एक धड पाठवा की!"

"मावशी, कुठला पोचंल ते मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "जो पोचंल तो पोचंल." आणि बस, जीप, जाऊबाई, सगळ्यांना तिनं एकच सांगितलं. रेंज आली की ह्या नंबरवर पाठवा. नाही गेलं तर हुबळी-धारवाडात तुमचा जो कोण माणूस असेल त्याला पाठवा आणि त्याला सांगा पुढं पोचव.

मग मी ह्यांच्या उशाशी बसले. हात थंडगार. आयुष्यभर ह्या माणसाशी भांडले, भाजीत मीठ कमी म्हणाला म्हणून भांडले, जास्त म्हणाला म्हणून भांडले. त्या दिवशी म्हटलं, देवा, ह्यानं परत एकदा नुसतं मीठ कमी आहे म्हणू दे. मी कुठली देवाचं नाव घेणारी! पण घेतलं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. उत्तर आलं ते फोनवर आलंच नाही. गार्डच्या कमरेला वायरलेस होता, जंगलात गार्डांचं एकमेकांशी बोलणं चालतं ना, तो; दवाखान्याला त्याचा उपयोग होईल हे कुणालाच सुचलं नव्हतं. तो खरखरला. कन्नडमध्ये कुणीतरी दवाखान्याचं नाव घेतलं. गार्ड पळत आत आला आणि त्यानं तो डबा डॉक्टरिणीच्या तोंडासमोर धरला. फॉरेस्टच्या रेंज ऑफिसातल्या माणसानं आपला फोन तिकडच्या वायरलेसला लावून धरला होता, आणि त्या फोनवर हुबळीचा हृदयाचा डॉक्टर होता. खरखरीतनं त्याचा आवाज येत होता. त्यानं विचारलं, उलटी नक्की कधी झाली होती? पुन्हा झाली का? डॉक्टरिणीनं उत्तर दिलं. गार्ड मधेच "ओव्हर, ओव्हर" म्हणत बटण दाबत होता. मग तिकडनं दोन शब्द आले. द्या, लगेच.

इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं टेकडीवरनं जाऊबाई आली, धापा टाकत, पायाला काटे, पदर फाटलेला. तिच्या फोनवरही हुबळीचं उत्तर आलं होतं, शब्दाला शब्द तेच. "दिलं व्हय आधीच?" ती म्हणाली. "मग मला कशाला मरायला चढवलंस गं?" आणि माझ्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. अर्ध्या-पाऊण तासानं ह्यांच्या ओठांना रंग आला. पुढं हुबळीला नेलं, आठवडाभर ठेवलं, आणि माणूस घरी आला.

वायरलेसवर उत्तर कसं आलं, ते मागाहून कंडक्टरनं सांगितलं. एका वळणावर त्याच्या फोनला क्षणभर रेंज लागली. डॉक्टरचा नंबर लागेना, म्हणून त्यानं फोटो हुबळीतल्या आपल्या मावसभावाला धाडला. तो त्या हृदयाच्या डॉक्टरच्याच दवाखान्यात कामाला. तो फोन घेऊन डॉक्टरकडं पळाला. उत्तर परत पाठवलं तर बस पुन्हा रानात शिरलेली, पोचेना. मग मावसभावाला आठवलं की बायकोचा भाऊ आमच्याकडच्या रेंज ऑफिसात आहे. त्याच्या टेबलावरचा फोन जुन्या, वेगळ्या तांब्याच्या तारेवरचा होता, तो वाजला. आणि तिथनं वायरलेस. गेलं एका वाटेनं आणि आलं दुसऱ्याच. ह्यातल्या एकालाही सगळी वाट ठाऊक नव्हती. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माणूस ठाऊक होता. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि अजून येतो.

तार दुसऱ्या दिवशी तात्पुरती जोडली होती. ती पक्की करायला पंधरा दिवसांनी एक माणूस आला. आमच्याच खड्ड्यात उतरून बसला, शेजारी एक छोटं मशीन. मी त्याला चहा नेऊन दिला आणि सांगितलं, हे काम माझं. तो हसायला लागला. "मावशी, मी तर साळींदर लिहिलंय की!" म्हटलं, खोड ते. त्यानं खोडलं का नाही ते माहीत नाही, पण मला बघायला बोलावलं. मशीनच्या काचेत दोन केस समोरासमोर आले, मधे एक ठिणगी उडाली आणि केस एक झाला. कुठं जोडलाय ते दिसतसुद्धा नव्हतं. ह्या केसातनं उजेड पळतो म्हणाला. सगळं उजेडच. माझ्या मुलीचा आवाज, ह्यांच्या छातीच्या रेघा, सगळं उजेड होऊन पळतं.

मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, ह्याचा मालक कोण? म्हणाला, तारेच्या तुकड्या-तुकड्याचे मालक आहेत, सगळ्याचा कुणी नाही. मग मधे बसून सगळं बघतो कोण? म्हणाला, मधे कुणी बसलेलाच नाही.

"असं कसं? मग चालतं कसं?"

"शेजाऱ्यावर," तो म्हणाला. "वाटेत पेट्या असतात. त्या सगळ्या जगाला ओळखत न्हाईत, शेजारच्या पेटीला ओळखतात. आलेलं पुढं द्यायचं, एवढंच. आणि दर थोड्या वेळानं शेजारच्याला विचारायचं, हायस का? उत्तर आलं न्हाई की समजायचं तो गेला. मग बाकीच्यांना सांगायचं की हिकडनं वाट बंद, आणि दुसऱ्या वाटेनं धाडायचं. पलीकडनं पोचलं म्हणून निरोप येईपर्यंत परत परत धाडायचं."

"आणि सांगितलंच न्हाई तर? वाट बंद हाय म्हणून?"

"मग वाईट," तो म्हणाला. "तुटल्यानं एवढं बिघडत न्हाई मावशी. तुटलंय हे कळलं न्हाई की बिघडतं. सगळे त्याच वाटेला धाडत बसतात आणि जातं सगळं वाया."

मी त्याचा रिकामा कप उचलला. दवाखान्यातली ती दहा मिनिटं डोळ्यांसमोर आली.

तो आपल्या नादात सांगत होता. प्रत्येक निरोपाला निघतानाच जीव मोजून दिलेला असतो. एक पेटी ओलांडली की एक कमी. संपला की निरोप वाटेतच विरून जातो, नाहीतर पत्ता चुकलेले निरोप जगभर फिरतच राहिले असते. समुद्राच्या तळानंसुद्धा अशा तारा गेल्यात, आणि तिथं तुटल्या तर आपल्याला कळतही नाही, कारण तोवर सगळं दुसरीकडनं जायला लागलेलं असतं. मी रस्त्याकडं बघितलं. रोजचाच रस्ता, धूळ, शेणाचे पो, माझं कुंपण. त्याच्या तीन हात खाली हे असं जगभर पसरलंय, एकमेकाला हायस का म्हणून विचारतंय, दुखलं तर आपणच वाट काढतंय, आणि मी त्याच्यावर कोन लावले! मला एकदम त्याच्या पाया पडावंसं वाटलं. कुणाच्या ते मलाच कळेना.

"हे जिवंत हाय रे," मी म्हटलं.

"यंत्र हाय मावशी."

"यंत्र मोडलं की दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत पडून राहतं. हे कुठं पडून राहतंय?"

तो म्हणाला, तुमच्याकडं पडून राहिलं होतं की. तुम्ही अगदी टोकाला, तुमच्याकडं यायला एकच वाट. ती तुटली की संपलं. मला राग आला. म्हटलं, संपलं कुठं? कंडक्टर होता, त्याचा मावसभाऊ होता, गार्ड होता, माझी जाऊ होती. तुझ्या पेट्यांनी जे करायचं ते आम्ही केलं. मग आम्ही काय त्याच्या बाहेरचे? त्यानं चहा दुसऱ्यांदा मागून घेतला.

पेट्यांत आणि माणसांत एक फरक आहे, तो मला तेव्हाच कळला. माणसांनी धाडलेल्या निरोपाला जीव मोजून दिलेला नसतो. त्या जीपवाल्यांनी रेंज आल्याबरोबर तो कागद आपल्या गावच्या ग्रुपात टाकला होता, त्यांनी पाव्हण्यांच्या ग्रुपात, आणि तिथनं कुठं कुठं. आम्ही हुबळीला असतानाच मला फोन यायला लागले. गदगहून आला, निपाणीहून आला, सोलापूरकडचा एक आला. कुणी कन्नड, कुणी मराठी. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, कागदावर ते नव्हतंच. सगळे एकच विचारायचे, तो माणूस कसा आहे? सुरुवातीला मी रडत सांगायची. मग नीट सांगायला लागले. मग कधी कधी, स्वयंपाकात असले तर, "बरा हाय, ठेवा" म्हणून ठेवायची. तरी प्रत्येक वेळी ठेवल्यावर वाटायचं, हे कोण लोक? ह्यांचं काय लागतं आमच्याशी?

एक गोष्ट मात्र मला खात होती. त्या दिवशी खड्ड्यात मी मूळ म्हणून खोटं बोलले, ते ह्यांना कधी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात ओरडले तेव्हा ह्यांचे डोळे मिटलेले होते. गावात साळींदराचंच नाव झालेलं, गार्डनंही तोंड उघडलं नाही, जाऊबाईनंसुद्धा नाही, आणि तिच्या पोटात एवढी गोष्ट राहिली हे आश्चर्यच. दोन महिने होत आले. रोज ठरवायची आज सांगू, आणि रोज ह्यांच्या छातीकडं बघून गप्प बसायची. उगाच धक्का कशाला, असं म्हणायची. खरं म्हणजे मला भीती होती ती ह्यांच्या डोळ्यांची.

चैत्रातल्या एका दुपारी हे ओसरीवर बसले होते. जड उचलायचं नाही म्हणून डॉक्टरनं बजावलेलं, त्यामुळं सुपाऱ्या निवडत होते. माझा फोन वाजला. माझे हात पिठात, म्हणून मी बोटानं हिरवं दाबून आवाज मोठा केला. म्हातारीचा आवाज, कऱ्हाडाकडची म्हणाली. "बाई, ह्यो कागद आमच्यात आत्ता आलाय बघ. आमची नात वाचून दाखवत हुती. खाली ह्योच नंबर हाय. त्यो मानूस हाय का गं?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी फोन उचलला, आवाज बारीक केला आणि कानाला लावला.

"त्यो मानूस मीच, अव्वा," हे म्हणाले. "हाय की. चांगला हाय." मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, सुपारी हातात तशीच धरून म्हणाले, "तार आमच्या हिनंच तोडली हुती. पन चारचौघांत उभी ऱ्हाऊन तिनंच सांगितलं, मी तोडली म्हणून. मी पडल्या जागी ऐकलं सगळं. न्हाई सांगती तर ते समदे वाट बघत बसले असते आन् मी गेलो असतो."

पलीकडनं म्हातारीनं काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही.

"हितंच हाय," हे म्हणाले. "रडतीया."

मी कुठं रडतेय म्हणायला उठले खरी. पिठाचे हात तसेच घेऊन मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.